तबल्याचा हात आणि शाळेचा बँड

मी नववीत असताना आमच्या शाळेत मुलींचं बँडपथक सुरू झालं. मी तबला वाजवते हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे यादी करायला बसल्या बसल्या बाईंनी पहिलं नाव माझं घातलं. मी नको म्हणाले नाही. मला हवंच होतं. पण घरी काय सांगायचं, या विचारानं मी त्या दिवशी सायकल हातात धरून चालतच घरी गेले.

तबला मला बाबा शिकवायचे. ते जिल्हा परिषदेत कारकून होते. संध्याकाळी ऑफिसातून आले की चहा घ्यायचे, हातपाय धुवायचे आणि पुढच्या खोलीत सतरंजी टाकून शिकवणीला बसायचे. बाहेरची मुलं त्यांना सर म्हणायची. तेवढा वेळ मीही सरच म्हणायचे, आणि तेही माझ्याशी तसेच वागायचे. शिकवणी संपली की पुन्हा बाबा.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला.

"तू काय वाजवणार त्यात?" बाबांनी विचारलं.

"साइड ड्रम."

"काठ्यांनी?"

"हो."

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. "तबल्याला बोटं लागतात. काठी धरली की सगळं मनगटावर येतं. हात बिघडेल."

"अहो, शाळेतलंच तर आहे," आई म्हणाली. "सगळ्या मुली जातायत."

"सगळ्या मुली तबला वाजवत नाहीत."

पुढे दोन-तीन दिवस घरात कुणी तो विषय काढला नाही. मग एका सकाळी ऑफिसला निघताना चपला घालता घालता बाबा म्हणाले, "जा बँडला. पण माघी गणपतीला तुझं वादन आहे, ते लक्षात ठेव. त्याआधी एक जरी बोल जड यायला लागला, तरी बँड बंद."

माघी गणेशजयंतीला आमच्या घराजवळच्या देवळात बाबांचे विद्यार्थी दरवर्षी वाजवायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच मला एकटीला वाजवायचं होतं. हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तीच एक सुरावट पुन्हा पुन्हा, आणि त्यावर फक्त माझा तबला. बाबांनी तो कार्यक्रम मनाशी फार आधीपासून धरला होता. मीही धरला होता.

बँड शिकवायला येणारे सर लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले होते. करमाळ्याकडचे. उंच, काळेसावळे, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला उभं राहिलं तरी आपल्याच कानात बोलतायत असं वाटायचं. पहिले कितीतरी दिवस त्यांनी आम्हाला वाद्याला हातच लावू दिला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात शाळेमागच्या मैदानावर नुसतं चालायचं. ते तेलाच्या रिकाम्या डब्यावर काठी आपटत उभे असायचे आणि प्रत्येक आपटीला आमचा डावा पाय पडायला हवा असायचा. मला राग यायचा. मी सहा वर्षांची असल्यापासून तबला वाजवत होते आणि इथे मला चालायला शिकवत होते.

"सर, ड्रम कधी देणार?" मी एकदा विचारलं.

"पाय बोलाय लागला की," ते म्हणाले. "आजून तुजा पाय मुका हाय."

ड्रम आले तेव्हा कळलं की खांद्यावरून पट्टा घालून ते वजन डाव्या मांडीवर घेत चालणं आणि त्यातच वाजवणं ही वेगळीच गोष्ट आहे. मांडीवर हिरवे-निळे डाग पडले. आईनं ते पाहिले आणि बाबांना सांगितलं नाही.

बिग ड्रम, म्हणजे पोटावर आडवा बांधायचा तो मोठा ढोल, माझ्याच वर्गातल्या एका मुलीकडे आला. ती वर्गात सगळ्यात उंच होती, एवढ्याच कारणानं. अशोक चौकाच्या पलीकडे तिचं घर होतं, खाली चादरी विणायचे लूम आणि वर ही तेलुगू बोलणारी माणसं. त्यांच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे, कारण हळू बोललं तर लूमच्या आवाजात ऐकूच यायचं नाही. ती शाळेतही तशीच बोलायची आणि त्यासाठी बोलणी खायची. संगीताशी तिचा तोवर काहीही संबंध आलेला नव्हता.

"तुला कसं कळतं गं, पुढं काय येणार ते?" तिनं मला विचारलं.

"मोजायचं."

"मोजताना वाजवायचं विसरते की मी."

मधल्या सुट्टीत मी तिला बाकावर हात आपटून शिकवायला लागले. ती चुकायची, हसायची, परत आपटायची. डिसेंबरपर्यंत तिचा ढोल बरा पडायला लागला. बँडमध्ये बिग ड्रमचा ठोका आणि डावा पाय एकत्र पडतात, सगळं पथक त्या एका ठोक्यावर चालतं. ती चुकली तर सगळे चुकणार, हे तिला सरांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मैदानावर उभी राहिली की तिचे ओठ पांढरे पडायचे.

एका सरावाला मी माझी हौस केली. बासऱ्यांवर गाण्याची ओळ संपत आली होती आणि माझ्या हातात एकदम तिहाई आली. तोच तुकडा तीनदा वाजवून नेमका समेवर आणला. इतकी स्वच्छ आली की मला स्वतःलाच बरं वाटलं. पण तिहाईनंतर बासऱ्या थांबल्या, पुढची रांग थबकली, मागची चालतच राहिली. एक मुलगी पडली आणि तिचा गुडघा फुटला.

"कुणी केलं ह्ये?" सर म्हणाले.

मी हात वर केला.

"लई चांगलं वाजवलंस." ते खरंच म्हणत होते. मग त्यांनी त्या मुलीकडे बोट दाखवलं. "आता तिच्याकडं बघ. तुजं संपलं म्हणून म्होरच्यास्नी वाटलं, संपलं. मागच्यास्नी ठावं न्हवतं. हितं तुजं तू वाजवायचं न्हाय."

त्या मुलीनं माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं.

घरी वेगळंच चाललं होतं. संध्याकाळी मी तबल्यावर बसले की बाबा डोळे मिटून ऐकायचे, आणि कायद्यात, म्हणजे देवळात वाजवायच्या रचनेत, तिरकिट हा बोल आला की डोळे उघडायचे. "जड." पुन्हा वाजवायचं. "जड येतंय." मग ते माझं मनगट दोन बोटांनी धरून ठेवायचे, वर उचललं जाऊ नये म्हणून, आणि तसंच वाजवायला लावायचे. त्यांच्या बोटांचा दाब वाढला की मला कळायचं, चुकलं. रागावत नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात आई भांड्यांचा आवाज न करता काम करायची आणि त्या शांततेत माझं तिरकिट मलाच काठीसारखं ऐकू यायचं. बाबांनी अट घातली होती, बोल जड आला तर बँड बंद. रोज वाटायचं, आज म्हणतील. ते म्हणत नव्हते. सव्वीस जानेवारी जवळ येत होती आणि तिच्या पाठोपाठ त्याच आठवड्यात माघी गणपती.

सव्वीस जानेवारीला उजाडता उजाडता आम्ही परेडच्या मैदानावर रांगेत उभ्या होतो. थंडी होती. पांढरे कॅनव्हासचे बूट दवानं ओले झाले होते. शहरातल्या पुष्कळ शाळांचे बँड आले होते. आमच्या मागे मुलांच्या एका शाळेचं मोठं पथक होतं, त्यांच्याकडे पितळी कर्णे होते, चकाकणारे. पुढचं पथक मंचाला सलामी देऊन वळलं की मगच मागच्यानं सुरू करायचं, असं सगळ्यांना बजावलेलं होतं.

आमची पाळी आली. आम्ही निघालो. पहिली पन्नासेक पावलं इतकी नीट पडली की मला सरांकडे बघावंसं वाटलं, पण मान वळवायची नव्हती.

मंच अजून बराच लांब असताना मागून कर्णे सुरू झाले.

त्या मुलांनी आमची सलामी व्हायची वाट पाहिलीच नाही. कुणी खूण चुकीची केली की घाई झाली, ते आजही मला माहीत नाही. त्यांची लय आमच्यापेक्षा जलद होती. मला वाटायचं, माझा कान तयार आहे, मला काय होणार. पण तयार कानालाच ते सगळं ऐकू येतं. त्यांचे ठोके आमच्या ठोक्यांच्या मध्ये-मध्ये पडत होते आणि माझे हात माझ्या नकळत तिकडे सरकायला लागले. डावीकडे पाहिलं तर ढोलवाल्या मैत्रिणीची नजर सैरभैर झाली होती. तिचा एक ठोका लवकर पडला. मग दुसरा. दुसऱ्या रांगेतल्या मुलींनी पाय बदलला, पुन्हा बदलला, पायांचा आवाज फुटून मैदानावर सांडल्यासारखा झाला.

मला शिकवलेलं सगळं मी सोडून दिलं. काठ्यांचा भरभर रोल नाही, मधले ठोके नाहीत. फक्त डावा पाय पडेल तेव्हा एक, जेवढ्या जोरानं मारता येईल तेवढा. मान वळवायची नव्हती, ती वळवली. "डावा," मी दातांतून म्हणाले. "डावा. डावा."

तिनं माझ्या काठीकडे पाहिलं. ती घामानं भिजली होती, एवढ्या थंडीत. पुढचा ठोका तिनं मारलाच नाही, एक रिकामा जाऊ दिला. मग त्याच्या पुढचा माझ्या काठीबरोबर पडला. त्यानंतरचाही. बासऱ्या अजून भरकटलेल्या होत्या, पण हळूहळू एकेक रांग ढोलाखाली परत आली. मंचासमोरून आम्ही गेलो तेव्हा सगळ्या एका पायावर होतो. तिथवर आलो कशा, हे तिथे बसलेल्यांना कळलंही नसेल.

पलीकडे गेल्यावर सरांनी आम्हाला सावधान-विश्राम दिलं आणि ते कडेला गेले. रुमालानं तोंड पुसत बसून राहिले. मैत्रीण माझ्याकडे आली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अगं, रक्त."

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पेरावर मोठा फोड आला होता आणि तो फुटून काठी लाल झाली होती. तोवर मला दुखलंही नव्हतं. तिनं कमरेचा कापडी पट्टा सोडून तो माझ्या बोटाभोवती गच्च गुंडाळला. "आता तबल्याचं काय?" तिनं विचारलं.

संध्याकाळी मी नेहमीसारखी सतरंजीवर बसले. बोटाला पट्टी लावून तबला वाजत नाही. किनारीवर "ना" वाजवायला तेच बोट लागतं. पट्टी काढून ठेवली. आईनं दारातून पाहिलं, ती काही बोलणार होती, मी मानेनंच नको म्हणाले.

पहिल्या आवर्तनाला निभावलं. कायदा दुगुणीत गेला तेव्हा ताल सुटला नाही, पण हात ओला लागायला लागला. बाबांनी डोळे उघडले. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, मधल्या काळ्या शाईच्या कडेला रक्ताचे ठिपके पडत होते.

"थांब."

मी थांबले.

त्यांनी माझा हात घेतला, दिव्याकडे धरला, पाहिला. मग आत जाऊन ओलं फडकं आणलं आणि आधी पुडी पुसली, नंतर माझं बोट. तबल्यावर गवसणी चढवली.

"देवळातलं मी वाजवतो," ते म्हणाले. "तू बस."

"जखम भरेल तोवर, बाबा."

"भरणार नाही. आणि भरलं तरी बस."

मी रडले नाही. रडले असते तर ते विरघळले असते, हे मला माहीत होतं. म्हणूनच रडले नाही.

माघी गणपतीच्या दिवशी देऊळ भरलेलं होतं. मी बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसले. माझ्या नावाच्या वेळेला बाबा तबला घेऊन पुढे बसले तेव्हा मागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. मैत्रीण आली होती, आईला घेऊन. केसांत गजरा, अंगावर ठेवणीतला ड्रेस.

"तू कधी वाजवणार?"

"मी नाही वाजवणार आज."

"मग आम्ही कशाला आलो?" ती म्हणाली. हळू बोलायला ती शिकलीच नव्हती. चार डोकी वळली. बाबांनीही ऐकलं असणार. तिच्या आईनं तेलुगूत काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं. मग ती बाई माझ्याशेजारी टेकली, माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.

बाबांनी माझाच कायदा वाजवला. ज्या लयीत मी वाजवणार होते त्याच लयीत, मला जे पलटे, म्हणजे तेच बोल उलटसुलट फिरवलेले तुकडे, दिले होते तेच, त्याच क्रमानं. मला वाटलं होतं, ते त्यांचं स्वतःचं काही वाजवतील. मी आधी फक्त त्यांच्या बोटांकडे पाहत होते आणि आतून जळत होते. मग माझं लक्ष हार्मोनियमकडे गेलं. तो लेहरा मी शेकडो वेळा ऐकला होता, पण समेला पोचायचं म्हणून मोजत ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू आला. तो कुठे किंचित रेंगाळतो, बाबा तिथे त्याला कशी जागा देतात. हे मला मैदानावर चालून कळलं की हात रिकामे होते म्हणून कळलं, ते मी सांगू शकत नाही.

पुढच्या आठवड्यात बाबा अर्धी रजा टाकून शाळेत आले. मला काढून घ्यायलाच आले होते. मैदानाच्या कडेला सरांसमोर उभे राहिले. मीही तिथेच होते.

"तिच्या बोटाचं तुम्ही पाहिलंत ना?" बाबा म्हणाले.

"बघितलं साहेब. माजी चूक झाली. पट्ट्या बांधून द्याय पायजे हुत्या."

बाबा भांडायच्या तयारीनं आले होते. ते जरा अडखळले. "फोडाचं सोडा. काठ्यांनी तिचा हात बिघडतोय का, ते सांगा."

सरांनी आधी माझं मनगट चाचपून पाहिलं. "हात कडक हुतो," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू. ड्रमवाल्याचा हात तबल्याला चालत न्हाय."

"मग झालं."

"पर परेडच्या दिशी बँड फुटला हुता, हिनंच माघारी आणला. तुमी शिकवलेलं सोडून दिलं, मी शिकवलेलंबी सोडून दिलं, आन् आणला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. परेडचं मी घरी सांगितलेलं नव्हतं.

"तुला काय हवंय?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी मला तबल्याच्या बाबतीत कधी विचारलं नव्हतं.

"दोन्ही," मी म्हणाले.

मग सर म्हणाले, "झांजा वाजवू दे. बोटाला काय हुत न्हाय."

मला तो अपमान वाटला. पथकातला पहिला ड्रम सोडून झांजा, ज्या कुणालाही देतात. पण बाबा "चालेल" म्हणाले, आणि दुसरा रस्ता नव्हता. ड्रम त्या गुडघा फुटलेल्या मुलीकडे गेला. तिनं तो चांगला वाजवला, माझ्यासारखी हौस न करता.

झांजांमध्ये वाजवण्यापेक्षा थांबणंच जास्त होतं. ओळीच्या ओळी नुसतं हात वर धरून चालायचं, आणि मग एक. तो एक चुकला तर लपवायला जागा नाही. पहिले काही दिवस त्या थांबण्यात माझ्या छातीत धडधड व्हायची. पुढे सवय झाली, म्हणजे धडधड होतच होती, पण ती मोजायला उपयोगी पडायला लागली.

दहावीच्या वर्षी निम्म्या मुली अभ्यासासाठी सोडून गेल्या. मी पंधरा ऑगस्टपर्यंत राहिले. त्या सकाळी कुंपणाबाहेर स्कूटरवर बाबा बसलेले दिसले, हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. संध्याकाळी शिकवणीच्या वेळी तबला सुरात लावता लावता ते म्हणाले, "दुसऱ्या रांगेतल्या शेवटच्या मुलीचा पाय उशिरा पडतो. तुमच्या सरांना सांग." मी सांगितलं. सर म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं."

बँडनं माझं काय केलं, हे मी पुष्कळदा तपासलंय. उजव्या हातातला कडकपणा जायला वर्ष लागलं. धिरधिर हा बोल आजही अतिद्रुत लयीत माझ्याच्यानं हवं तसं फिरत नाही, आणि बाबांच्या मते त्याचं कारण त्या काठ्या आहेत. असेलही. साथीला मात्र गाणारे मला बोलावतात, एकल वादनाला कमी बोलावतात. गाणारी माणसं म्हणतात, तुमच्याबरोबर धास्ती वाटत नाही. हे त्या मैदानावरचं आहे असं मला वाटतं. बाबांना ते पटत नाही, ते म्हणतात हे वयानं येतं.

माझी मैत्रीण आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात बिलं करते. दहावीनंतर तिनं ढोलाला हात लावला नाही. एकदा मी तिला विचारलं, तुला त्या सगळ्याचा काही उपयोग झाला का.

"उपयोग काय व्हायचाय?" ती म्हणाली. "मला आवडायचं की."

यंदा माझ्या शिकवणीतल्या एका मुलीची आई आली. मुलीला शाळेच्या बँडमध्ये घेतायत, पाठवू की नको, असं विचारत होती. मी तिला दोन्ही सांगितलं, बोटाचंही आणि परेडचंही. ती गोंधळली. "म्हणजे पाठवू ना?" तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, पाठवा, पण काठ्या देत असतील तर आधी माझ्याकडे या.

मुलीला बासरी मिळाली. आता ती मंगळवारी आणि शुक्रवारी उशिरा येते, उन्हानं लाल झालेली, बूट दारातच काढून फेकते. मी तिला पाणी देते आणि थोडा वेळ तबल्याला हात लावू देत नाही. पुढच्या खोलीत बाबा हार्मोनियमवर लेहरा धरतात, ती भिंतीला टेकून ऐकत बसते, आणि दम बसला की मगच आम्ही सुरू करतो.